मीटरवर हात ठेवणाऱ्या दादांना

दादा,

गाणं पूर्ण झालं. कुणालाही ऐकवण्याआधी तुम्हाला लिहायचं ठरवलं होतं.

माझ्या गाण्यात किक (ड्रमचा खोल ठोका) आणि बेस (सगळ्यात खालचे सूर) दोघेही ५० ते १०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात, एकत्र आले की नुसता घुमारा. मदत मागितली तिथे काय मिळालं? एकाने महागडा प्लगइन घ्यायला लावला. पैसे घेऊन शिकवणाऱ्या दुसऱ्याने आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरसाठी ‘रेशो ४:१ ठेव, सगळे हेच लावतात’ म्हणून विषय संपवला. तिसऱ्याने माझी बेसलाइनच टाकाऊ ठरवली. एकानेही गाणं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी ऐकलंत. पूर्ण, मधे एक शब्द न बोलता. मग बेसच्या कॉम्प्रेसरला साइडचेनमधून किक जोडून दिलीत, म्हणजे किक वाजली की बेस आपोआप दबेल. ते काय, क्षणाचं काम. पण त्यानंतर तुम्ही आवाज किती दबतोय ते दाखवणाऱ्या, स्क्रीनवरच्या गेन रिडक्शनच्या मीटरवर सरळ तळहात ठेवलात, रिलीजचा, म्हणजे दाब किती वेळात सुटतो त्याचा, नॉब माझ्याकडे दिलात आणि म्हणालात, “आता कानांनी फिरव.”

१२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० ठोके असताना, दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंद, तेवढ्यात बेस परत वर यायला हवा, हे गणित मला पाठ होतं. ऐकू मात्र त्या दिवशी आलं. रिलीज फारच कमी केला की खरखर, कारण ५० हर्ट्‌झची एक लहर २० मिलिसेकंदांची आणि कॉम्प्रेसर किकच्या एकेका लहरीमागे धावू लागतो. जास्त ठेवला तर बेस डोकं वर काढतच नाही. मधे कुठेतरी अशी जागा येते की बेस किकला वाट देतो आणि लगेच झुलत परत येतो. ती जागा माझ्या हाताला सापडली, कारण तुम्ही ती सापडू दिलीत.

येत असलेलं काम झटकन करून टाकणं सोपं असतं. शिकणाऱ्याच्या हातात ते सोडून शेजारी शांत बसायला मोठं मन लागतं. अशी माणसं प्रत्येक कामात भेटतात आणि श्रेयनामावलीत कधी दिसत नाहीत.

आता गायकाच्या आवाजाखाली पॅडही (मागे रेंगाळणारे लांब सूर) तसेच दबवलेत, जेमतेम दोन डेसिबल. दबलेलं कळत नाही, शब्द मात्र स्वच्छ येतात. श्रेयनामावलीत तुमचं नाव घातलंय, नको म्हणू नका. फाइल सोबत पाठवतेय.

तुमची ऋणी