लष्करी ट्रक घेतला, पासिंगचे काय?

महोदय,

जबलपूरच्या कारखान्यात बनलेला लष्कराचा जुना शक्तिमान ट्रक माझ्या मित्राने लिलावात घेतला. इंजिन ठणठणीत, चेसिस दणकट. पण गाडी महिनोन्‌महिने अंगणातच उभी. केंद्रीय मोटार वाहन नियम ४७ मध्ये माजी लष्करी वाहनांसाठी सरळ तरतूद आहे: संबंधित अधिकाऱ्यांचे नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र जोडा. ते घेऊन आरटीओत गेल्यावर एका खिडकीवर उत्पादनाचे वर्ष विचारले, दुसरीवर ‘आधीचे आरसी बुक आणा’. बाणाच्या (म्हणजे लष्करी) नंबरप्लेटवर धावलेल्या गाडीचे आरसी बुक आणायचे कुठून? तिची नोंद मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे लष्कराकडेच असते. नियम १२१ प्रमाणे फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालणारा ऑलिव्ह ग्रीन रंग मात्र त्याने मुकाट्याने खरवडला (जीवावर आले होते बिचाऱ्याच्या).

ब्रेक, धूर, चेसिस नंबर कसून तपासा, नापास करायची तर करा. पण लागणाऱ्या कागदांची एकच यादी परिवहन विभागाने जाहीर करावी आणि लिलावाच्या अटींतही छापावी. नाहीतर भंगारातल्या जीपचे कागद भलत्याच गाडीला चिकटवणाऱ्या एजंटांचे फावते.

– एक वाचक, अहिल्यानगर