एकच मॉड्युलेटर, टूजीपासून फोरजीपर्यंत

बंगळूर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, फोनमधला मॉड्युलेटर, म्हणजे आवाज आणि डेटा रेडिओलहरीवर चढवणारं सर्किट, सगळ्या पिढ्यांना मिळून एकच ठेवतात असं मी सांगितलं, तेव्हा "टूजीला एक, फोरजीला एक, अशी वेगवेगळी सर्किटं टाकून मोकळे का होत नाही?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. उत्तरात आकडे हवेत, म्हणून लिहूनच पाठवते. वेगळी सर्किटं टाकता येतात, पण प्रत्येकाला चिपवर जागा लागते, कॉइल लागते आणि बाहेर फिल्टर. एका वेळी एकच चालणार असेल तर सर्किट वाटून घेणंच स्वस्त. वायफाय मात्र फोरजीच्या बरोबरीने चालावं लागतं, म्हणून बहुतेक फोनांत ते वेगळंच ठेवतात.

तुम्ही नौपाड्यात ट्रान्झिस्टरवर अस्मिता लावता, ५५८ किलोहर्ट्झ. तिथे आवाजाबरोबर लहरीची उंची बदलते. टूजीत उंची कायम असते, फक्त फेज, म्हणजे लहर किती पुढेमागे सरकली आहे ते, फिरते. त्यामुळे शेवटचा पॉवर अँप्लिफायर, म्हणजे पीए, पूर्ण ताकदीवर दाबून चालवता येतो. फोरजीत उंची आणि फेज दोन्ही हलतात. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये १५ किलोहर्ट्झ अंतरावर १२०० उपवाहक, म्हणजे शेजारी शेजारी चालणाऱ्या बारीक लहरी, असतात. ते एका क्षणी जुळून आले की सरासरीच्या कितीतरी वर उसळी येते. त्या उसळीसाठी पीएमध्ये ताकद राखून ठेवावी लागते. आदर्श क्लास-बी (पीएचा एक नेहमीचा प्रकार) पीएची कार्यक्षमता जास्तीत जास्त ७८.५ टक्के, तोच ६ डीबी खाली, म्हणजे पाव ताकदीवर, चालवला की ३९ टक्के. बॅटरी खरी जाते ती इथे. फोनकडून टॉवरकडे जाताना साध्या ओएफडीएमऐवजी (अनेक उपवाहकांची वरची पद्धत) एससी-एफडीएमए हा तिचाच सौम्य प्रकार ठेवलंय ते ही उसळी कमी करायलाच.

मॉड्युलेटर दोन तऱ्हेने बांधतात: पोलर आणि आय-क्यू. आय-क्यूत सिग्नल ९० अंशांच्या फरकाच्या दोन वाटांत विभागतात, प्रत्येक वाटेवर डीएसी (आकड्यांचा विद्युत सिग्नल करणारा) आणि मिक्सर (तो रेडिओलहरीवर चढवणारा) असतो, आणि शेवटी दोन्ही एकत्र करतात. पोलरमध्ये फेज थेट ऑसिलेटरला, म्हणजे रेडिओलहर निर्माण करणाऱ्या सर्किटला, देतात आणि उंची वेगळ्या वाटेने पीएपर्यंत नेतात. टूजीला हे उत्तम, कारण उंचीची वाट जवळजवळ रिकामीच असते. शिवाय टूजीची गोंगाटाची अट फार कडक: २० मेगाहर्ट्झ पलीकडे, फोनच्याच ऐकण्याच्या पट्ट्यात, गोंगाट -१६२ डीबीसी (मूळ सिग्नलच्या तुलनेतले डीबी) प्रति हर्ट्झच्या खाली हवा. आय-क्यूतले मिक्सर, डीएसी सगळे मधे आले की ती गाठणं जड जातं. पण फोरजीत सिग्नल शून्याजवळून गेला की फेज एकदम उलटते, फेजचा पट्टा मूळच्या कित्येक पट रुंद होतो, आणि दोन वाटांच्या वेळेत थोडा जरी फरक पडला तरी शेजारच्या चॅनेलमध्ये घाण सांडते. म्हणून माझं मत: टूजीला पोलर, बाकी सगळ्याला आय-क्यू, आणि ऑसिलेटर दोघांत एकच.

आता घड्याळ, म्हणजे चिपला ताल देणारा ठोका. २६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल टूजीला सोयीचा. ९६ ने भागला की २७०.८३३ किलोहर्ट्झ हा टूजीचा वेग अचूक मिळतो. थ्रीजीचा वेग ३.८४ मेगाहर्ट्झ, आणि फोरजीला लागतात ३०.७२ मेगाहर्ट्झ, म्हणजे त्याच्या बरोबर आठपट. २६ शी दोन्हींचं सरळ गणित बसत नाही. दोन क्रिस्टल लावायचे नसतील तर डिजिटलमध्येच नमुन्यांचा (सिग्नलच्या आकड्यांचा) वेग बदलून सगळं एकाच डीएसीच्या घड्याळावर आणायचं. इथे आळस केला की पुढे ॲनालॉग फिल्टर फुगतो.

आय-क्यूत बिघडतं काय? दोन वाटांत १ अंश फेजची आणि ०.१ डीबी उंचीची चूक असेल तर नको असलेली प्रतिमा (सिग्नलचं आरशातलं रूप) जेमतेम ४० डीबी खाली राहते. २५६-क्वॅमला (एका वेळी आठ बिटं बसवणारी दाट पद्धत) एकूण चूक ३.५ टक्क्यांच्या आत, म्हणजे -२९ डीबी, ठेवायची असते. एकटी प्रतिमा चालून जाते, पण तिच्यात पीएचा वाकडेपणा आणि ऑसिलेटरची थरथर मिसळतात. दुसरी भानगड गळतीची. थ्रीजीचा फोन +२४ डीबीएमपासून (सुमारे पाव वॅट) -५० पर्यंत (मिलीवॅटचा एक लाखावा भाग) खाली यावा लागतो. ही सगळी कपात मिक्सरच्या आधी केली तर सिग्नल घटतो, ऑसिलेटरची गळती तेवढीच राहते आणि तळाशी तीच वरचढ होते. म्हणून कपातीचा मोठा वाटा मिक्सरच्या नंतर, आरएफ ड्रायव्हरमध्ये (पीएच्या आधीच्या अँप्लिफायरमध्ये) ठेवायचा. नवखे हमखास उलटं करतात, कारण बेसबँडमधली, म्हणजे मिक्सरच्या आधीची, कपात सिम्युलेशनमध्ये देखणी दिसते.

ऑसिलेटर दुप्पट फ्रिक्वेन्सीवर चालवून दोनाने भागला की ९० अंशांतले दोन सिग्नल आपोआप मिळतात आणि पीए त्याची फ्रिक्वेन्सी थेट ओढत नाही. पण पीएचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीचा उपसिग्नल, नेमका ऑसिलेटरच्या डोक्यावर येतो! उपाय: कॉइल आठच्या आकड्यासारखी गुंडाळायची, म्हणजे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र दोन वेटोळ्यांत उलटसुलट होऊन बरंचसं कटतं, आणि वीजपुरवठा वेगळा.

आई, तुझा फोन आतल्या खोलीत गरम होतो त्याचं कारणही पीएच. टॉवर नीट पोचत नाही, म्हणून फोन पूर्ण २०० मिलीवॅटवर ओरडत बसतो. सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू कर. कंपनी ती सोय देत असेल तर घरातले कॉल राउटरवरून जातील. नाहीतर बोलताना खिडकीपाशी बस.

तुमची,
मधुरा