वार्ताहर की जाहिरात एजंट?

माननीय संपादक,
रविवारच्या पुरवणीतला 'पडद्यावर आणि बातमीत सर्वांना जागा' हा लेख वाचला. सिनेमावाल्यांची कानउघाडणी झकास. मल्याळम सिनेमातल्या बायकांच्या छळाविषयीचा न्या. हेमा समितीचा अहवाल २०१९ मध्ये केरळ सरकारच्या हाती येऊनही २०२४ पर्यंत बाहेर आला नाही, यावरचा संतापही रास्त. बातमीच्या धंद्याला मात्र चार ओळी, त्याही 'प्रयत्न सुरू आहेत' छापाच्या.

माझी भाची दहिवडीला तालुका वार्ताहर होती. कुठल्या दैनिकाची ते लिहीत नाही. तुमच्या नव्हे, पण म्हणून हुश्श करू नका. पगार नाही, मानधन नाही, आणलेल्या जाहिरातीवर टक्केवारी. दिवाळी, वर्धापनदिन, पुढाऱ्याचा वाढदिवस, प्रत्येकाचे टार्गेट वेगळे. जाहिरात देणाऱ्याने बिल बुडवले की ती रक्कम हिच्या खात्यावर. आज संचालकाच्या ओसरीवर बसून शुभेच्छांचे अर्धे पान मागायचे आणि उद्या त्याच्याच कारखान्याने थकवलेल्या ऊसबिलाची बातमी द्यायची. लिहून दाखवा!

२०१९ च्या दुष्काळात ती म्हसवडकडच्या एका चारा छावणीत जाऊन आली. दोन बाजली उभी करून, त्यांना साडी बांधून बायका पहाटे अंधारात अंघोळ उरकतात, पाळीच्या दिवसांत त्यांचे काय हाल होतात, सगळे लिहून पाठवले. छापून काय आले? बैलाला चारा भरवणारे पुढारी, तीन कॉलम फोटो. बायका गायब, हिचे नावही गायब.

ज्याच्या घरी बागायत आहे, पेट्रोल पंप आहे किंवा भाऊ सभापती आहे, त्यालाच ही पत्रकारिता परवडते. भूमिहीन घरातल्या, वस्तीवरच्या पोरीने कोणाच्या ओसरीवर जायचे? आणि तुम्ही मुंबईत परिसंवाद भरवून विचारता, दलित, ग्रामीण, स्त्री पत्रकार दिसत का नाहीत!

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, हे आम्हा सातारकरांना दरवर्षी आठवते. त्यांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढले, तेव्हा पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात घेतली नव्हती. आता जाहिरात आणल्याशिवाय तुम्ही लोक माणूस घेत नाही. प्रगती आहे.

भाची सध्या पुण्यात कर्जवसुलीचे फोन करते. जाहिरातीची बिले वसूल केल्याचा अनुभव उपयोगी पडला म्हणते.

पुढच्या रविवारी परिसंवादाचा फोटो नको. सातारा आवृत्तीत तालुकावार वार्ताहर किती, त्यांत बायका किती आणि जाहिरात न आणताही कोणाला महिन्याला काही मिळते का, एवढे छापा.

— एक निवृत्त शिक्षिका, कोरेगाव (जि. सातारा)

ता. क. : शनिवारी पहिले पान शोधायला बिल्डरच्या जाहिरातीची चार पाने उलटावी लागली. अंकाची किंमत मात्र पूर्ण घेतलीत.