बाटल्या मी घेऊन आले आहे

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, औषधांच्या डब्यामागच्या क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या त्या दोन बाटल्या शोधू नका. मी त्या खारघरला आणल्या आहेत. न विचारता उचलल्या, त्यामुळे रात्रभर चैन नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दिल्या होत्या त्याही मीच. ‘अँटिऑक्सिडंट आहेत, वय रोखतात,’ असं तेव्हा म्हटलं होतं. लेकीने दिल्या म्हणून तुम्ही एक दिवस चुकवला नाहीत. कालनिर्णयच्या प्रत्येक चौकोनात तुमची बारीक टिक पाहिली आणि पोटात कालवलं.

मी नीट वाचलंय, बाबा. क जीवनसत्त्वाची गोळी घेतली की रक्तातली पातळी चढते, हे खरं. पण दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आसपास ती जवळजवळ भरते. तुमची गोळी 1000 ची. वरचं बरंचसं लघवीवाटे जातं. गावदेवी बाजारातला एक चांगला पेरू तेवढं काम करतो. ‘ई’चं तसं नाही, ते शरीरातल्या चरबीत साठतं. अमेरिका-कॅनडातल्या 35,000 हून जास्त निरोगी पुरुषांच्या अभ्यासात रोज 400 युनिट ई घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी जास्त झालेला दिसला. 2011 साली हे छापून आलं. तुमची कॅप्सूल नेमकी 400 ची! घाबरू नका, मूळ धोका लहानच असतो. पण फायदा नसताना तो का घ्यायचा?

मला जास्त लागली ती तुमच्या तलावपाळीवरच्या फेऱ्यांची गोष्ट. व्यायामात तयार होणारे ऑक्सिडंट, म्हणजे अँटिऑक्सिडंट ज्यांना निष्प्रभ करतात तीच द्रव्यं, स्नायूंना सुधारण्याचा इशारा देतात म्हणे. 2009 साली जर्मनीत तरुणांना व्यायामाबरोबर याच मात्रेत क आणि ई दिलं, तर शरीराने इन्सुलिनला नीट दाद देण्यात व्यायामाने होणारी सुधारणा त्यांच्यात दिसलीच नाही. पुढच्या सगळ्या अभ्यासांत तसंच निघालं असं नाही. पण पहाटे साडेपाचला उठून तुम्ही घातलेल्या फेऱ्या माझ्या गोळीने थोड्याही वाया गेल्या असतील, हे मला सहन होत नाही.

लहानपणी मला ताप आला की तुम्ही दोन चमच्यांत गोळी चुरडायचात, मधात कालवून आधी स्वतःच्या जिभेला लावायचात. मी मात्र काही न बघता तुमच्या हातात बाटली ठेवली.

आता ऐका. डॉक्टरांनी रक्त तपासून दिलेलं बी-12 आणि डी अजिबात बंद करायचं नाही. बीपीची गोळी तर नाहीच नाही. आई, तुला पेरू चावत नाही, तर बिया काढून कोशिंबीर कर, दही घालून. शिजवू नकोस, क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. आवळा किसून दे, मीठ मात्र बेताचं. आणि गोळी नाही म्हणून बाबांना अशक्त वाटेल, असं त्यांच्यासमोर सारखं म्हणू नकोस गं.

रविवारी सकाळच्या ठाणे लोकलने येते. पेरू मीच आणीन. बाबा, रागावला असाल तर फोनवर नको, समोर बसवून रागवा.

तुमची,
चिमी