आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई आणि बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणालीस, "तेच तेच निबंध, त्याच त्याच चुका. तुला कंटाळा कसा येत नाही? बदली करून घे आता कराडला." बाजूला पोरांचा गोंधळ होता, रेंजही जात होती. नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

दमते गं. तपासणीचे गठ्ठे, ऑनलाइन भरायची माहिती, परतीच्या एसटीतली गर्दी, सगळं आहेच. पण पोरांना लिहायला शिकवण्यात जो वेळ जातो, तो मला दमवत नाही. त्यावरच मी बाकीचं निभावून नेते.

तुम्हाला माहीत आहे, आमच्या बीड जिल्ह्यातली कितीतरी घरं दिवाळीच्या आसपास कुलूपबंद होतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी, म्हणजे त्यांचा 'कोयता', टोळीबरोबर ऊसतोडीला निघतो आणि थेट मार्च-एप्रिलमध्ये परत येतो. काही पोरं सोबत जातात, काही आजी-आजोबांजवळ राहतात. माझ्या सहावीच्या वर्गात अशी मागं राहिलेली बरीच आहेत. त्यांना 'माझा आवडता ऋतू' दिला की ती गाईडमधलं उतरवून काढतात, शब्द न् शब्द सारखा. म्हणून मी विषय लहान करत करत अगदी घरात नेला. आज सकाळी चुलीपाशी कोण बसलं होतं? दाराला कडी कोण लावतं? पाचच ओळी लिहा, पण तुम्ही पाहिलेल्या.

आमच्या वर्गात एक अबोल मुलगी आहे. तिनं लिहिलं, "आई गेली त्या दिवशी तिनं जास्तीच्या भाकरी केल्या. आम्ही त्या शिळ्या खाल्ल्या. संपू नये म्हणून मी अर्धीच खाल्ली."

पेन हातात तसंच राहिलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, त्या मी त्या दिवशी तशाच ठेवल्या. 'छान' असा शेरा मारायलाही मन झालं नाही. समासात फक्त विचारलं, "उरलेली अर्धी कुठं ठेवलीस?" दुसऱ्या दिवशी वही आली, खाली उत्तर होतं, "टोपल्यात. आजीनं शेळीला घातली. मी आजीशी बोलले नाही." आता आमचं हे रोजचंच झालंय. मी एक प्रश्न लिहायचा, तिनं एक-दोन ओळी वाढवायच्या. वही उघडताना मला खरंच उत्सुकता असते, तिनं आज काय लिहिलं असेल. आई, कंटाळा यायला जागाच कुठं उरते?

आणखी एक गोष्ट मला फार धरून ठेवते. पोरं लिहितात तेव्हा मीही त्यांच्यातच सतरंजीवर बसून त्याच विषयावर लिहिते आणि सगळ्यांबरोबर वाचून दाखवते. बाबा, तुम्ही रोज रात्री हिशेबाच्या वहीत खर्चाखाली एक ओळ लिहायचात ना, 'पाऊस लागला', 'सुमन आत्या येऊन गेली', त्यावर मी एकदा लिहिलं. दुसऱ्याच दिवशी एका मुलानं घरून जुनी वही आणली आणि रोज एक ओळ लिहायला लागला. तुमची सवय इतक्या लांब येऊन पोचली. तुम्ही पाठवलेले 'किशोर'चे जुने अंक तर हाताळून हाताळून मऊ पडलेत. पोषण आहाराच्या खिचडीनंतर डोळे जड होतात, तेव्हा त्यातलंच काहीतरी मोठ्यानं वाचते.

कपाटाच्या आतल्या बाजूला मी मुक्ता साळवेच्या निबंधाची झेरॉक्स चिकटवलीय. जोतिबा-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेची ही चौदा वर्षांची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलं आणि १८५५ मध्ये ते 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलं. खडू-डस्टर काढताना रोज नजर जाते. तिला कुणी ठरावीक मुद्दे देऊन 'यावर वीस ओळी लिही' म्हटलं असतं, तर ते दुःख कागदावर आलंच नसतं, असं मला ठाम वाटतं. पोराला स्वतःचं बोलू देणं हेच लेखन शिकवणाऱ्याचं पहिलं काम. शुद्धलेखन नंतर येतं, आणि येतंच.

पाठ्यपुस्तकातलं पत्रलेखनही यंदा वेगळं झालं. 'मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज' परीक्षेपुरता करून घेतला आणि मग पोरांना आई-वडिलांना खरी पत्रं लिहायला लावली. मी त्यांचे फोटो काढून मुकादमाच्या व्हॉट्सॲपवर पाठवते. तिथं कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, ज्याला वाचता येतं तो इतरांना वाचून दाखवतो. उत्तर आवाजात येतं, मागं बैलांच्या घुंगरांचा नाहीतर ट्रॅक्टरचा आवाज. वर्गात ते लावलं की सगळी एका जागी गोळा होतात, ज्याचं नाही तोही कान देऊन ऐकतो. त्यानंतर कुणालाही 'लिहायला बसा' म्हणून सांगावं लागत नाही.

आता बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. त्या भाकरीवाल्या मुलीचे आई-वडील यंदा तुमच्याच भागात, कृष्णाकाठच्या उसाच्या फडात आहेत. त्यांच्या टोळीत वाचणारं कुणी नाही, त्यामुळे तिचं पत्र नुसतं फोनमध्ये पडून आहे. पत्र या पाकिटातच घातलंय, मुकादमाचा नंबर मागच्या बाजूला आहे. आधी त्याला फोन करा. तोड कुठल्या शिवारात चाललीय ते तो सांगेल. अंधार पडायच्या आत माणसं कोपीवर भेटणार नाहीत आणि रात्री गाडी भरायला पुन्हा जावं लागतं, म्हणून वेळ विचारूनच निघा. गुडघा दुखत असेल तर शेजारच्या दादाला गाडीवर सोडायला सांगा, चालत जाऊ नका. आई, तूही गेलीस तर बरं. तिची आई बाईमाणसाशी मोकळेपणानं बोलेल. हळू वाचा, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून मला पाठवा.

तुमची,
माई