जेवणाची सुट्टी आणि गॅसची नळी

महोदय,
१३ फेब्रुवारी २०१८ रोजी कोचीन शिपयार्डच्या ड्राय डॉकमध्ये (पाणी काढून जहाज दुरुस्त करायच्या गोदीत) 'सागर भूषण' या ओएनजीसीच्या जहाजावर दुरुस्तीदरम्यान स्फोट होऊन पाच कामगार दगावले. चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. मी मुंबईत जहाजदुरुस्तीत फिटर होतो. जेवणाची सुट्टी होताच लोखंड कापायच्या गॅसची नळी जहाजाच्या टाकीतच सोडून वर यायचे, ही आमची सर्रास सवय. तासाभराने उतरून ठिणगी पाडली, की गळलेला अ‍ॅसिटिलीन पेट घेणारच. बराच काळ बंद असलेल्या बॅलास्ट टाकीत (जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात ती) तर जीव जायला गॅसही लागत नाही, कारण गंजणारे लोखंडच हवेतील प्राणवायू खाते, आणि नाकाला काहीच कळत नाही. आमच्या वेळच्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ प्रमाणे जाणकाराने टाकीतली हवा स्वतः तपासून ती सुरक्षित असल्याचा लेखी दाखला दिल्याशिवाय, किंवा श्वसनयंत्र आणि बाहेरच्या माणसाच्या हाती टोक असलेला दोर यांवाचून, कोणालाही आत उतरवता येत नव्हते. प्रत्यक्षात ठेकेदार सकाळच्या एका दाखल्यावर (तोही कधीकधी टाकीत न डोकावता दिलेला) अख्खा दिवस काढत असे. सुट्टीनंतर पुन्हा तपासणी सक्तीची करावी आणि दाखला टाकीच्या तोंडाशीच लावावा, एवढीच औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला विनंती आहे.

– एक निवृत्त फिटर, माझगाव, मुंबई