शाखेच्या नावापुढे तारीख लिहा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी अभियांत्रिकीचा शिक्षक. प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्राच्या टेबलावर बसून मुलांची कागदपत्रं तपासतो. मागच्या प्रवेशांच्या वेळी एक गृहस्थ आले. मुलीचा जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सीईटीचं गुणपत्रक, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत क्रमानं लावून आणलेलं. तपासणी झाली तरी ते उठेनात. खिशातून चार घड्या घातलेलं माहितीपत्रक काढून त्यांनी ‘नॅक ए प्लस’ या सोनेरी अक्षरांवर बोट ठेवलं. “सर, ए प्लस मिळालंय म्हणजे पोरीची ही शाखा चांगलीच असणार ना?”

शाखा होती एआय आणि डेटा सायन्स. त्या कॉलेजात ती सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. तिथून अजून एकही विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडलेला नव्हता.

मी त्यांना जमेल तसं समजावलं. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता म्हणजे शाखा चालवायची परवानगी, आणि संलग्नता म्हणजे पदवी त्या विद्यापीठाची. याशिवाय प्रवेशच देता येत नाहीत, तेव्हा ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावरून दर्जा कळत नाही. 1994 साली स्थापन झालेली बंगळुरूची नॅक ही उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासून श्रेणी देणारी परिषद, आणि ती अख्ख्या संस्थेकडे बघते. अध्यापन, संशोधन, ग्रंथालय, कारभार असे सात निकष असतात आणि गुण 4 पैकी. 3.26 ते 3.50 मिळाले की ए प्लस, साधारण 5 वर्षांसाठी. मेकॅनिकलच्या जुन्या, नावाजलेल्या विभागानं मिळवलेलं नाव मग काल उघडलेल्या शाखेच्या जाहिरातीवरही झळकतं.

एकेक शाखा तपासून मानांकन द्यायचं काम एनबीएचं, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचं. आमच्या विभागाची तपासणी झाली तेव्हा एका मूल्यमापकानं कपाटातून मधलाच एक प्रकल्प अहवाल ओढला, तो करणाऱ्या मुलाला बोलावलं आणि सर्किट समोर चालवून दाखवायला सांगितलं. मुलाचे हात थरथरत होते. दुसऱ्या प्रयत्नात ते चाललं. मग त्याला एकेक भाग का वापरला ते विचारलं, प्रयोगवह्या पाहिल्या, कोणता शिक्षक काय शिकून आला आहे ते पाहिलं. आम्हा सगळ्यांची झोप उडवणारे ते दिवस होते, पण शिकवण्याकडे कोणीतरी खरोखर पाहून गेलं.

हे मानांकन 3 किंवा 6 वर्षांचं असतं. आणि शाखेच्या किमान दोन तुकड्या पदवीधर झाल्याशिवाय त्यासाठी अर्जच करता येत नाही. म्हणजे चार वर्षांच्या नव्या अभ्यासक्रमाला पहिली पाच वर्षं एनबीए असूच शकत नाही. तो काही त्या कॉलेजचा गुन्हा नाही, पण पालकाला हे कळायला हवं. परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलांची आणखी एक फसगत होते. एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या समतुल्य मानणाऱ्या देशांच्या वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 मध्ये पूर्ण सदस्य झाला खरा, पण त्याचा लाभ एनबीएच्या टियर-1 या, विद्यापीठं आणि स्वायत्त संस्थांसाठीच्या, गटात मानांकन मिळालेल्या शाखांनाच आहे. साध्या संलग्न कॉलेजातली एनबीए त्यात बसत नाही.

2025च्या फेब्रुवारीत सीबीआयनं नॅकच्या तपासणी समितीतल्या सदस्यांना लाचेच्या आरोपावरून अटक केली. तेव्हापासून पालक आम्हाला तोंडावर विचारतात, ग्रेड विकत मिळते का? ज्यांनी प्रामाणिकपणे राबून ती मिळवली त्यांना हे फार लागतं. सध्याच्या श्रेणी काढून टाकून आधी संस्था ‘मानांकित’ की ‘नाही’ ते सांगावं आणि त्यापुढे पाच पातळ्या ठेवाव्यात, अशी शिफारस केंद्रानं नेमलेल्या डॉ. के. राधाकृष्णन समितीनं केली आहे. तसं झालं की बऱ्याच फलकांवर ‘मानांकित’ हा एकच शब्द झळकेल, आणि शाखा त्यामागे आणखीच झाकली जाईल.

नॅक आणि एनबीए केंद्राच्या अखत्यारीत आहेत. पण सीईटी सेल आणि तंत्रशिक्षण संचालनालय आपल्याच खात्यात येतात. पर्याय अर्ज भरताना प्रत्येक शाखेच्या सांकेतांकाला लागूनच मराठीत एवढं दिसू द्या: या शाखेला एनबीए आहे का, कोणत्या तारखेपर्यंत, आणि पहिली तुकडी कधी बाहेर पडली किंवा पडणार. माहितीपत्रकावर, फ्लेक्सवर जिथे जिथे नॅकची श्रेणी छापली जाते, तिथे त्याच आकाराच्या अक्षरांत हीच ओळ सक्तीची करा. ही माहिती संकेतस्थळांवर शोधणाऱ्याला आजही सापडते. ती शोधायची असते हेच ज्यांच्या घरात कोणाला ठाऊक नाही, त्यांच्यासाठी मी लिहितो आहे.

त्या गृहस्थांनी माहितीपत्रकाच्या पाठीवर माझ्याकडून तीन कॉलेजांतल्या शाखा आणि त्यांच्यापुढे तारखा लिहून घेतल्या. घडी घालून कागद पुन्हा खिशात ठेवला. त्यांच्यामागे रांगेत चाळीसेक पालक उभे होते, बहुतेकांच्या हातात तसंच माहितीपत्रक. त्यांना मी एवढा वेळ देऊ शकलो नाही.

आपला,
अभियांत्रिकीचा एक शिक्षक